वाइंडिंगची वही

एका माणसाच्या हातावर चालणारा, व्हॉल्व्हच्या म्हणजे काचेच्या नळ्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा कारखाना त्या माणसाबरोबर बंद पडतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे तिथं जास्तच वर्दळ असते. दिवसकार्य उरकायच्या आत फोन सुरू होतात. निपाणीहून कुणी विचारतो, माझा सेट दुरुस्तीला दिलाय, तो कुठं ठेवलाय बघता का? कोल्हापूरहून कुणी म्हणतो, निम्मे पैसे देऊन झालेत, आता कसं करायचं? तिसरा काहीच मागत नाही, फक्त विचारतो: पुढं बिघडला तर कुणाकडं न्यायचा?

त्या नावाचं पुढं काय होणार हे या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. नवं मॉडेल काढायचं का, धंदा मुलीनं चालवायचा की हाताखालच्या पोरानं, हे सगळं नंतरचं. घराघरांत जे सेट आज वाजताहेत ते आणखी वीस वर्षं वाजते ठेवता येतील का, हे आधी बघायचं. ते जमलं तर नवा सेट करण्याचा अधिकार आपोआप मिळतो. ते जमत नसेल तर नवा सेट करू नये.

बेळगावात असे कारखाने निघण्याला कारण आहे. उद्यमबाग आणि मच्छेत फाउंड्री, लेथ, सीएनसी सगळं हाताशी आहे. चासीची, म्हणजे सेटच्या सांगाड्याची, प्लेट लेझरवर कापून, पावडर कोटिंग करून गावातच मिळते. मोटार रिवाइंडिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत. सागवानाचं कॅबिनेट करणारा चांगला सुतार शोधायला लांब जावं लागत नाही. व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर म्हणजे कंडेन्सर बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात. आणि ऐकणारे कान इथलेच. धारवाड, बेळगाव, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात घरोघरी गाणं ऐकलं जातं. कुमार गंधर्वांचा जन्म याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. इथल्या कारागिरानं सेट जुळवला तो तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, आणि तबल्याचा बायाँ ऐकून. ती निवड सर्किटच्या कुठल्याही नकाशात लिहिलेली नसते, पण ट्रान्सफॉर्मरच्या फेऱ्यांत आणि कंडेन्सरच्या मापांत ती असते. म्हणून ती जपता येते.

पहिलं काम म्हणजे काहीही हलवायचं नाही. घरच्यांना खोली आवरायची घाई असते, ती माणसाच्या दुःखातूनच येते, पण आवरण्याच्या नादात निम्मी माहिती जाते. टेबलावर उघडा असलेला सेट, शेजारचे तीन रेझिस्टर, पाकिटावर पेन्सिलनं लिहिलेला आकडा, हे सगळं मिळून एक वाक्य असतं. आधी प्रत्येक खणाचे, प्रत्येक फळीचे फोटो काढायचे, मग हात लावायचा. भंगारवाल्याला महिनाभर दारात उभं करू नये. लेबल नसलेले काळे ट्रान्सफॉर्मर किलोवर जातात आणि त्यांत बहुतेक वेळा पुढच्या पाच गिऱ्हाइकांची जोडी असते.

उघड्या सेटला हात लावण्याआधी त्यात साठलेली वीज उतरवून घ्यावी. ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हच्या सेटमध्ये चारशे-सव्वाचारशे व्होल्ट डीसी असतं आणि साठलेली वीज रिकामी करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटला असेल तर प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये राहतं. १०० के (किलोओहम), ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या टोकांवर लावायचा. १०० मायक्रोफॅरडला मिनिटभर पुरे. मग मीटर लावून खरोखर शून्याजवळ आलंय ना ते बघायचं. स्क्रू-ड्रायव्हरनं ठिणगी पाडून उतरवायची सवय अनेकांना आहे. तिनं कंडेन्सरही खराब होतो आणि हातही भाजतो.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सेटला मालकाचं नाव, सीरियल नंबर आणि आला तेव्हाची तक्रार लिहिलेली चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची. मेलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये ऑर्डरी, मापं, पैशाचे आकडे सगळं असतं. ते सिमकार्ड बंद होऊ देऊ नये.

आता वाइंडिंगच्या वहीकडं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तारेचे फेरे लिहिलेल्या वहीकडं येतो, कारण खरा कारखाना तिथंच आहे.

सर्किट डायग्राम गेला तरी फार नुकसान नाही. वायरिंग डोळ्यांसमोर असते, जाणकार माणूस दोन दिवसांत नकाशा काढून देतो. व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. तो वार्निशमध्ये बुडवून भाजलेला लोखंड-तांब्याचा बंद ठोकळा. आत काय आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही आणि फोडल्यावर परत जुळत नाही. पुश-पुल, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीनं काम करणाऱ्या, ईएल३४ सेटचा, प्लेट ते प्लेट ६.६ के आणि स्पीकर ८ ओहमचा ट्रान्सफॉर्मर घ्या. फेऱ्यांचं प्रमाण साधारण २८.८ ला १ येतं. वहीत प्रायमरी (व्हॉल्व्हकडची तार) २८८०, सेकंडरी (स्पीकरकडची) १०० एवढंच लिहिलेलं असेल तर रिवाइंडिंगवाला आधी २८८० फेरे घालील, वरून १०० घालील. आकडा बरोबर, ट्रान्सफॉर्मर वाया. प्रायमरी आणि सेकंडरी एकमेकांपासून लांब पडल्या की लीकेज इंडक्टन्स, म्हणजे दोघींच्या जोडातली गळती, वाढतो, वरचा स्वर बसतो, जवारीतला तो पसारा नाहीसा होतो, आणि सर्किटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा आत परत देणं) असेल तर सेट ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट होऊन स्पीकरचा ट्वीटर जाळू शकतो.

चांगल्या वहीतलं पान असं असतं. मधे भिंत असलेला दोन कप्प्यांचा बॉबिन, म्हणजे तारेची रीळ. प्रत्येक कप्प्यात १४४० फेरे, पण एकत्र नाहीत: ३६०, मग सेकंडरी १००, मग ७२०, पुन्हा सेकंडरी १००, वर ३६०. दोन्ही कप्पे मिळून सेकंडरीचे चार तुकडे, चारही पॅरलल. प्रत्येक थरानंतर कागद, प्रायमरी-सेकंडरीच्या मधे जाड कागदाचे दोन वेढे. आणि एका कोपऱ्यात छोटा बाण: दुसरा कप्पा भरताना बॉबिन उलटा करून लावायचा. तो बाण कुणी वाचला नाही तर दुसऱ्या निम्म्या प्रायमरीची दिशा उलटते आणि जोडणी रंग बघून केली की दोन व्हॉल्व्हचं काम एकमेकांना खोडून काढतं. स्पीकरमधून जेमतेम कुजबुज येते.

त्याच पानावर बऱ्याचदा लाल शाईत असतं: सेकंडरी मोजूनच. कारण चार पॅरलल तुकड्यांपैकी एकात १०० ऐवजी १०१ फेरे पडले तर त्या तुकड्याचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा टक्काभर जास्त होतं आणि तुकड्यांमध्येच करंट फिरायला लागतो. स्पीकर जोडलेला नसला तरी फिरतो. ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतो, पॉवर जाते, डिस्टॉर्शन वाढतं, आणि साध्या मीटरनं काही सापडत नाही, कारण ओहम सगळे बरोबर दिसतात. म्हणून तुकडे जोडण्याआधी दोन-दोन उलट मालिकेत लावून, प्रायमरीला थोडं एसी देऊन, बाकी शून्य येते का ते बघतात. मिलीव्होल्टचा फरक आला तरी फेरा चुकलाय हे नक्की.

वहीच सापडली नाही तर? चांगल्या चालणाऱ्या एका ट्रान्सफॉर्मरवरून बरंच काढता येतं, तो न फोडता. कॉइल आणि कोअरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, फटीतून बारीक इन्सुलेटेड तारेचे १० फेरे ओवायचे. संपूर्ण प्रायमरीला १२ व्होल्ट एसी द्यायचं. सेकंडरीवर ०.४१७ व्होल्ट आलं तर प्रमाण २८.८. आपल्या १० फेऱ्यांवर ४१.७ मिलीव्होल्ट आले तर प्रायमरी २८८० फेऱ्यांची. हे काम स्पीकरच्या बाजूनं व्होल्टेज देऊन कधीच करू नये. तिथं १२ व्होल्ट दिले तर प्रायमरीच्या टोकांवर ३४५ उभे राहतात. दोन्ही निम्म्यांचा डीसी रेझिस्टन्स, एलसीआर मीटरवर प्रायमरीचा इंडक्टन्स, आणि सेकंडरी शॉर्ट करून पुन्हा प्रायमरीचा इंडक्टन्स म्हणजेच लीकेज, एवढे आकडे लिहून ठेवले की नव्या वाइंडिंगला मापदंड मिळतो. थर कसे लावलेत ते मात्र या आकड्यांतून थेट कळत नाही. त्यासाठी एखादा जळालेला ट्रान्सफॉर्मर मुद्दाम जपून ठेवावा आणि थर सोडवत, प्रत्येक थराचा फोटो काढत उघडावा. जळका माल फेकायचा नाही तो याचसाठी.

सिंगल-एंडेड, म्हणजे ३००बी वगैरे एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालणाऱ्या सेटचा, ट्रान्सफॉर्मर गल्लीतल्या दुकानात गेला की एक चूक ठरलेली. त्या प्रायमरीतून साठ-सत्तर मिलिअँपिअर डीसी सतत जातं, म्हणून ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या एका बाजूला रचून मधे कागदाची ठरावीक फट ठेवतात. दुकानदार मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या सवयीनं पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरतो. फट गेली, कोअर डीसीनंच भरून जातो, खालचा स्वर नाहीसा होतो. त्याचा दोष नाही. त्याला जॉब कार्डावर लिहून दिलं नव्हतं. कागदाची जाडी मिलिमीटरमध्ये, पट्टीचा दर्जा (एम४, ०.२७ मिलिमीटर जाड), तारेचा गेज, हे सगळं कार्डावर हवं, आणि बेळगावात ते कार्ड मराठीबरोबर कन्नडमध्येही हवं. कॉइल भरणारे हात अनेकदा कन्नड वाचणारे असतात, आणि मूळ कारागीर त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलत असे. वहीत न लिहिलेल्या निम्म्या सूचना त्या बोलण्यात होत्या. भरणारी बाई किंवा बुवा अजून कामावर असेल तर वही घेऊन आधी त्यांच्यापुढं बसावं, वारसांनी मग एकमेकांशी बोलावं.

व्होल्टेज आणि पाऊस या दोन गोष्टींमुळं इथला सेट बाहेरच्या नकाशावरून केलेल्या सेटपेक्षा वेगळा असतो. खेड्यात उसाला पाणी सोडायच्या मोटारी चालू झाल्या की लाइन २०० वर येते, मध्यरात्री २५० वर जाते. २३० ला ४३० व्होल्ट एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उंच डीसी) देणारा सेट २५० ला ४६७ देतो. नवख्या माणसाला मूळ सेटमध्ये ३५० व्होल्टचे दोन कंडेन्सर मालिकेत, प्रत्येकावर २२० केचा रेझिस्टर, असं दिसलं की तो म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, ४५० व्होल्टचा एकच टाकू. सेट दुकानात छान चालतो आणि चिकोडीकडच्या मळ्यातल्या घरात पहिल्याच रात्री कंडेन्सर फुगतो. मूळ माणसानं केलेली प्रत्येक विचित्र गोष्ट आधी बरोबर आहे असं धरून चालावं. कारण सापडल्यावरच बदलावी.

पावसाचं तसंच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं चार महिने हवा ओली असते. वार्निश नीट आत न गेलेला ट्रान्सफॉर्मर कागदात ओल धरतो आणि पहिल्या चालू करण्याच्या धक्क्याला थरांमधून फुटतो. भरलेली कॉइल आधी भट्टीत शंभर-एकशेदहा अंशांवर चार तास कोरडी करायची, गरम असतानाच वार्निशमध्ये सोडायची, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तिथंच ठेवायची, निथळून पुन्हा भाजायची. घाईचा माणूस ब्रशनं वरून वार्निश लावतो. ती नुसती चकाकी असते. पावसाळाभर बंद असलेला सेट सुरू करताना ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) प्रायमरी ते सेकंडरी आणि प्रायमरी ते कोअर बघून घ्यावं. मग व्हॉल्व्ह काढून ६० वॉटच्या सिरीज बल्बमधून लावावं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भक्क राहिला तर लगेच बंद. डिमरस्टॅटनं व्होल्टेज हळूहळू वर न्यायची पद्धत सिलिकॉन डायोडच्या सेटला चांगली. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये कमी व्होल्टेजला रेक्टिफायरचा हीटरच तापत नाही, एचटी बराच वेळ येत नाही आणि मग एकदम येते, त्यामुळं कंडेन्सर हळू सुधारण्याचा हेतू साधत नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या सेटमधला नेहमीचा रोग मात्र साधा असतो: व्हॉल्व्हची प्लेट लाल. लोक व्हॉल्व्ह बदलतात आणि नवाही लाल होतो. गुन्हेगार बहुधा ०.२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर. त्यानं फक्त आवाजाचा सिग्नल पुढं जाऊ द्यायचा असतो, तो थोडं डीसी पलीकडं गळू देतो. व्हॉल्व्ह काढून सॉकेटच्या ५ नंबर पिनवर मोजावं. तिथं फक्त बायसचं, म्हणजे व्हॉल्व्हला आवर घालणारं, उणे व्होल्टेज हवं, साधारण ३६-३८. ते कमी उणे असेल किंवा हळूहळू शून्याकडं सरकत असेल तर कंडेन्सर बदला. मग व्हॉल्व्ह लावून, वीस मिनिटं तापू देऊन, कॅथोडच्या १० ओहमवर ४०० मिलीव्होल्ट, म्हणजे ४० मिलिअँपिअर, असं बसवा. ४३० व्होल्टला ते १७ वॉट होतात, ईएल३४ च्या २५ वॉटच्या मर्यादेत आरामात. आणि १ नंबर पिन ८ ला जोडलेली आहे ना, तेही बघा. ६एल६ या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या सॉकेटला ती जोडायची गरज नसते, म्हणून दुसऱ्याच्या हातचं काम असेल तर ती हमखास सुटलेली सापडते.

व्हॉल्व्हचा साठा हा स्वतंत्र हिशेब. एके काळी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची आणि तो जुना माल अजून कुठंकुठं सापडतो. आज नवा माल मुख्यतः स्लोव्हाकियाची जेजे, रशियातला सारातोव्हचा कारखाना आणि चीन इथून येतो. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाचा पुरवठा अडकला तेव्हा जगभर भाव चढले. ईएल३४ तरी तीन ठिकाणी बनतो. संस्थापकानं हौसेनं एखाद्या बंद झालेल्या व्हॉल्व्हभोवती सेट बांधला असेल तर साठा मोजून, तपासून, तो विकलेल्या सेटांच्या नावे बाजूला काढावा. साठ सेट, प्रत्येकात चार, म्हणजे एका बदलीला २४० लागतात. खोक्यात १८० असतील तर नव्या सेटचा विषय तिथंच संपला.

बाहेरच्या जगात हे सगळं होऊन गेलंय. जपानच्या ऑडिओ नोटचे हिरोयासू कोंडो २००६ च्या जानेवारीत गेले. पुढं काम मासाकी आशिझावांनी सांभाळलं, आणि चांदीच्या तारेचे ट्रान्सफॉर्मर घरातच करण्याची रीत सोडली नाही. कंपनी चालू आहे. अमेरिकेत केंटकीच्या लेक्सिंग्टनमध्ये जिम थील फर्स्ट-ऑर्डर क्रॉसओव्हरचे (स्वर युनिटांत वाटणारं साधं सर्किट), वेळ आणि फेज जुळवलेले स्पीकर करायचे. ते २००९ मध्ये गेले, २०१२ मध्ये कंपनी विकली गेली, नव्या मालकांनी नाव ठेवलं आणि ती रचनाच सोडून दिली. काही वर्षांत कंपनी मिटली. जुने थील स्पीकर मात्र अजून वाजतात, कारण कंपनीतल्या एका जुन्या तंत्रज्ञानं दुरुस्ती चालू ठेवली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते एलएस३/५ए चं उदाहरण. बीबीसीचा छोटा मॉनिटर स्पीकर, केईएफ या इंग्लिश कंपनीच्या बी११० आणि टी२७ या दोन युनिटांवर उभा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केईएफनं ती युनिटं बंद केली आणि मूळ रूपातला स्पीकर थांबला. पण बीबीसीच्या संशोधन विभागानं १९७६ मध्ये त्याची रचना, मापं, कारणं असा पूर्ण अहवाल छापून ठेवला होता, आणि ती युनिटं मुळात बनवणारे माल्कम जोन्स हयात होते. त्यांनीच सुरू केलेल्या फाल्कन अकूस्टिक्सनं पुढं दोन्ही युनिटं पुन्हा तयार केली. कागद आणि हात, दोन्ही उरले म्हणून हे झालं.

पैशांचं आणि कागदपत्रांचं थोडक्यात. एकल मालकीची जीएसटी नोंदणी मालकाच्या पॅनवर असते, ती वारसाला वापरता येत नाही. वारसानं स्वतःची नोंदणी घ्यायची, शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मनं तिकडं वळवायचं, मग जुनी नोंदणी रद्द करायची. हा क्रम चुकला तर क्रेडिट बुडतं. नावाचा ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर तो दहा-दहा वर्षांनी नूतनीकरणाला येतो, तारीख बघून ठेवा. आगाऊ घेतलेल्या रकमांची यादी करून प्रत्येकाला लेखी कळवा: परत हवी की थांबणार. थांबणाऱ्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि दुसऱ्याच्या सेटचं सामान आणायला वापरू नका. बहुतेक छोटे कारखाने मालकाच्या मृत्यूनंतर इथंच बदनाम होतात.

सर्किट गिऱ्हाइकांना द्यावं का, यावर घरात वाद होतो. द्यावं. प्रत्येक मालकाला त्याच्या सीरियल नंबरच्या सेटचा नकाशा, प्रत्येक पिनवरचं अपेक्षित व्होल्टेज आणि बायसची पद्धत एका पानावर लिहून पाठवावी. कुणी त्यावरून नक्कल करील ही भीती फोल आहे. नक्कल ट्रान्सफॉर्मरशी येऊन अडते. उलट हुबळीच्या किंवा सांगलीच्या मेकॅनिकच्या हातात ते पान असलं तर सेट वाचतो. वाइंडिंगची वही मात्र धंदा चालवणाऱ्याकडं राहू द्यावी. तिच्या दोन प्रती करून एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, आणि दुकान कायमचं मिटत असेल तर तीही वाटून टाकावी.

शिष्य आणि मुलगी दोघंही तयार असतील तर शिष्यानं टेबल सांभाळावं आणि मुलीनं रजिस्टर. दोघांपैकी कुणीही पहिलं वर्षभर नवा सेट विकू नये. त्या वर्षात जुन्या मापानं ट्रान्सफॉर्मरची एक जोडी भरून घ्यावी, एका जुन्या सेटशेजारी तसाच दुसरा बांधावा आणि दोन्हींचे आकडे एकाच कागदावर लिहावे: ८ ओहमवर क्लिपिंगच्या (आवाज फाटण्याच्या) आधी १ किलोहर्ट्झला किती व्होल्ट (१६ म्हणजे ३२ वॉट), ३० हर्ट्झला किती, स्पीकर टर्मिनलवर हम (गुणगुण) १ मिलीव्होल्टच्या आत आहे का, १० किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह ८ ओहमवर आणि मग त्याला ०.१ मायक्रोफॅरड समांतर लावून कसा दिसतो. कोपऱ्यावर लाटा उठल्या तर वाइंडिंग जुळलेलं नाही, पुन्हा भरा. आकडे जुळल्यावर तानपुरा लावा आणि ज्यांनी तो जुना सेट दहा वर्षं ऐकलाय अशा दोघांना बोलवा, कुठला कुठला ते न सांगता. त्यांना फरक लागला नाही तर जुनं नाव प्लेटवर घालायला हरकत नाही. सीरियल मात्र नव्या मालिकेपासून सुरू करावा आणि चासीच्या आत कॉइल भरणाऱ्याची, जोडणाऱ्याची सही आणि तारीख घालावी, म्हणजे वीस वर्षांनी झाकण उघडणाऱ्याला कुठली वही शोधायची ते कळेल.